ठराव वर जातो, निधी खाली येतो

पंचायत समितीतला विस्तार अधिकारी (पंचायत) हा प्राणी बाहेरच्या माणसाला माहीत नसतो. ग्रामसेवकाला अख्खं गाव ओळखतं, बीडीओसाहेबांच्या दारावर पाटी असते, आम्ही या दोघांच्या मधले. दप्तर तपासायचं, तक्रारींची चौकशी करायची, वरून आलेलं परिपत्रक खाली समजावून सांगायचं आणि खालची अडचण वर कळवायची. माझी नोकरी पश्चिम महाराष्ट्रातल्या अवर्षणप्रवण तालुक्यांत गेली. निवृत्तीनंतर पहिल्यांदा निवडून आलेले सरपंच आणि नव्याने लागलेली पोरं अधूनमधून विचारायला येतात. त्यांना सांगतो ते इथे उतरवून काढलंय. क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. गावात सरकारं दोन असतात.

ग्रामसेवक आणि तलाठी शेजारशेजारच्या खोल्यांत बसत असतील, पण त्यांचे साहेब वेगळे. (अलीकडे एकाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी आणि दुसऱ्याचं ग्राम महसूल अधिकारी झालंय. लोक अजून भाऊसाहेब आणि तलाठीच म्हणतात.) ग्रामसेवकाच्या वर विस्तार अधिकारी, गटविकास अधिकारी (बीडीओ), मुख्य कार्यकारी अधिकारी (सीईओ). तलाठ्याच्या वर मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर. एक साखळी ग्रामविकास खात्याची, दुसरी महसुलाची. गायरानावर कुणी पत्र्याचं शेड टाकलं की हा फरक कळतो. तलाठी म्हणतो ग्रामपंचायतीचा ठराव आणा, ग्रामपंचायत म्हणते आधी हद्द दाखवा, आणि हद्द दाखवणारी मोजणी असते तिसऱ्याच म्हणजे भूमी अभिलेख खात्याकडे. प्रत्येकाचं म्हणणं कागदावर बरोबर असतं. शेड तिथेच राहतं.

म्हणून नव्या सरपंचाला पहिलं सांगणं हेच: काम घेऊन निघण्याआधी ते कुणाच्या अधिकारात आहे ते विचारा, आणि अर्ज दिला की आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. तोंडी सांगितलेलं काम सरकारात झालेलं नसतं.

२. पंचायत समिती दुबळी आहे, ती तशीच घडवलेली आहे.

पंचायत समितीत काहीच होत नाही, ही तक्रार मी जन्मभर ऐकली. त्यामागचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने देशासाठी शिफारस केली ती अशी, की विकासाचा मुख्य भार गटाच्या पातळीवर, म्हणजे पंचायत समितीवर टाकावा. महाराष्ट्राने १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली आपली वेगळी समिती नेमली. तिचं मत पडलं की इंजिनियर, डॉक्टर, शिक्षण खातं ही सगळी यंत्रणा पेलायची ताकद जिल्ह्यातच असते. त्यातून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. इतर बऱ्याच राज्यांत गट मोठा झाला, आपल्याकडे जिल्हा.

हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. सत्तरच्या दशकातले जिल्हा परिषदेचे अध्यक्ष काय वजनाचे असत हे जुन्या माणसांना विचारावं. पण त्याची किंमत तालुक्याने मोजली. पंचायत समितीला सांगण्यासारखं स्वतःचं उत्पन्न नाही आणि मोठ्या कामाची मंजुरीही तिच्या हातात नाही. सभापतीच्या दालनात गर्दी असते ती बदल्या, घरकुलाची यादी आणि शिफारसपत्रं यांसाठी. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले, तरी आमच्या कपाटातल्या फायलींची जाडी काही वाढली नाही.

आणि जिल्हा परिषदेचं बळही जागच्या जागी राहिलेलं नाही. शेतीची बरीच कामं राज्याच्या कृषी खात्याकडे गेली, पाण्याच्या योजनांना जीवन प्राधिकरण, जलसंधारणाला वेगळं खातं. जे हातचं गेलं ते ठराव करून परत आलेलं मी पाहिलं नाही.

३. रस्त्याला नंबर आहे का, हे आधी बघा.

एका वाडीवरची माणसं रस्ता मागायला आमच्या कार्यालयात आली होती. शाखा अभियंता तिथेच बसलेला. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘रस्त्याला नंबर आहे का?’’ कुणालाच कळेना. शेवटी त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, ‘‘साहेब, पावसाळ्यात बाळंतीण बाजेवर घालून आणतो आम्ही. त्याला कुठला नंबर लागतो?’’

अभियंता वाईट नव्हता. त्याचा प्रश्नही बरोबर होता. सरकारच्या हिशेबी रस्ता म्हणजे रस्ते विकास आराखड्यातली नोंद. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण मार्ग क्रमांक अमुक असं लिहिलेलं नसेल तर तिथे कितीही माणसं चालत असोत, ३०५४ सारख्या रस्त्यांच्या लेखाशीर्षातून (म्हणजे सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या खात्यातून) त्यावर रुपया पडत नाही.

मग काय करायचं? तलाठ्याकडून गावनकाशा घ्यायचा आणि त्यावर ती वाट शोधायची. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता, एकेरी म्हणजे पायवाट. रेषा असेल तर निम्मं काम झालं, कारण वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराला तो मोकळा करता येतो. रेषाच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवा रस्ता मागावा लागतो, आणि तिथे भावकी आडवी येते. त्या वाडीच्या नशिबाने नकाशात दुहेरी रेषा होती. अतिक्रमण महसूलने काढलं, मातीकाम रोजगार हमीतून झालं, ग्रामपंचायतीने रस्ता यादीत घेण्याचा ठराव केला, बांधकाम विभागाने प्रस्ताव पाठवला, नंबर पडला आणि मग कुठे खडीकरणाचं अंदाजपत्रक झालं. महसूल, रोहयो, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, चार ठिकाणी फाईल. या चौघांना एका टेबलावर बसवणारा अधिकारी आपल्या रचनेत जिल्ह्याच्या खाली नाही. ते काम वाडीवरच्याच एका पोराने केलं, मोटारसायकलवर पेट्रोल जाळून.

४. निधी कधी एकटा येत नाही.

तो लेखाशीर्ष घेऊन येतो, आणि शीर्षात बसेल तेच गावाला हवं होतं असं नंतर लिहावं लागतं. २५१५ म्हटलं की गावच्या पुढाऱ्याचे डोळे चमकतात. ग्रामविकास खात्याचं हे शीर्ष गावांतर्गत मूलभूत सुविधांचं: अंतर्गत रस्ता, गटार, सभामंडप, स्मशानभूमी. कामांची यादी वरून, आमदारांच्या शिफारशीने मंजूर होऊन येते आणि गावाला कळतं ते बहुधा फ्लेक्स लागल्यावर. जिल्हा नियोजन समितीचा पैसा वेगळा. तिचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव कलेक्टर. घटनेच्या मनात ही समिती खालून आलेल्या आराखड्यांची बेरीज करणारी होती. प्रत्यक्षात ती वरून आलेल्या रकमेची वाटणी करते.

एका गावच्या महिला ग्रामसभेत बायकांनी एकमुखाने मागितलं होतं की शाळेच्या गळक्या छपराचं बघा. त्या साली गावाला मिळाले पेव्हर ब्लॉक. शाळेची इमारत जिल्हा परिषदेची, दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षण विभागातून जायचा, तो यादीत खाली. ब्लॉकचा पैसा मात्र हजर. वित्त आयोगाचं पाहावं तर पंधराव्या आयोगाच्या काळात, पहिलं वर्ष सोडलं तर, साठ टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायची. उरलेली चाळीस टक्के अबंधित, पण तिच्यावर आधीच दहा जणांचा डोळा.

चौदाव्या आयोगाने २०१५ पासून सगळी रक्कम थेट ग्रामपंचायतीला दिली तेव्हा आमच्या कार्यालयात सुतकी चेहरे होते. पंधराव्याने ती आपल्याकडे ऐंशी, दहा, दहा अशी ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत वाटली, तेव्हा चहा पाजला गेला. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे: पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात गेला तर तो खाल्ला जाण्याची भीती असते, पण खाल्ला कुणी हे चार महिन्यांत गावाला कळतं. जिल्ह्यात तेच कळायला लेखापरीक्षणाचा शक उजाडावा लागतो.

शीर्षाचं ओझं नसलेला पैसा एकच, घरपट्टी-पाणीपट्टीचा. त्यातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणावर, ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे असतात आणि ते योग्यच आहे. उरलेलं गावाने ठरवावं. पण निवडणूक आली की वसुली थांबते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोद्याने कर भरणाऱ्याला दळण मोफत दिलं, ते बघायला आमच्या तालुक्यातून गाड्या गेल्या. परत आल्यावर बहुतेकांनी गिरणीचा प्रस्ताव मागितला, वसुलीचं रजिस्टर कुणी उघडलं नाही.

५. मार्च.

इतर खात्यांचा न खर्चलेला पैसा ३१ मार्चला सरकारजमा होतो, जिल्हा परिषदेला मात्र आलेला निधी खर्चायला पुढचं वर्षही मिळतं. ही सवलत ग्रामीण कामांना वेळ लागतो म्हणून दिलेली. तिचा परिणाम असा झाला की पहिल्या वर्षी कुणाला घाईच नसते आणि दुसऱ्या मार्चला रात्री बारापर्यंत देयकं चालू असतात. मार्चमध्ये झालेला रस्ता मी कधीच वाखाणला नाही. मोजमाप पुस्तिकेवरची तारीख आणि डांबर टाकल्याची तारीख पडताळून पाहण्याची सवय लावून घ्या, बस.

६. बांधणारा एक, चालवणारा दुसरा.

नळपाणी योजनेइतकं हे कुठे दिसत नाही. योजना आखणार जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग किंवा जीवन प्राधिकरण. पैसा केंद्राचा आणि राज्याचा. २०१९ पासून जल जीवन मिशनचं मोजमाप माणशी ५५ लिटर. ठेकेदार जिल्ह्यातून नेमलेला. विहीर, पंपघर, टाकी, चाचणी, फोटो, हस्तांतरण. इथवर वरच्यांचं काम संपलं. दुसऱ्या महिन्यात वीजबिल येतं ते ग्रामपंचायतीच्या नावावर.

एका गावात मी दप्तर तपासणीला गेलो तेव्हा सरपंचबाईंनी माझ्यासमोर तीन कागद ठेवले. पहिला थकीत बिलापोटी वीज तोडण्याची नोटीस. दुसरा पंपाच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक. तिसरा ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा निधीचा बँक तपशील, ज्यात शिल्लक इतकी होती की पंपाची केबलसुद्धा आली नसती. बाई म्हणाल्या, ‘‘साहेब, योजना मंजूर झाली तेव्हा मला कुणी विचारलं नाही की महिन्याला चालवायला किती लागतील. ठरावावर सही मात्र माझी घेतली.’’ त्यांचं खरं होतं. अंदाजपत्रकात पाइपाचा व्यास मिलिमीटरपर्यंत लिहिलेला, आणि पाणीपट्टी किती बसेल याचा हिशेब एका ओळीत उरकलेला. गावात जुनी पाणीपट्टी होती वर्षाला काही शे रुपये, तीही निम्मे लोक देत नव्हते.

त्या बाईंनी पुढे केलं ते साधं होतं. वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि दुरुस्ती असा वर्षाचा खर्च मांडला, नळजोडण्यांनी भागला आणि तो आकडा खडूने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला. शिव्या खाल्ल्या. पण पट्टी वाढली, आणि पंप चालू राहिला. माझा सल्ला तेव्हापासून ठरलेला आहे: हस्तांतरणाच्या कागदावर सही करण्याआधी महिन्याचा चालू खर्च लेखी मागा. देणारा चिडतो. चिडू द्या.

७. जिथे दोन अधिकारी जबाबदार, तिथे दोघांचीही सही मिळेपर्यंत गावाने थांबायचं.

रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात. त्या वेळी ती कलेक्टर-तहसीलदारांची योजना होती. २००५ चा केंद्राचा कायदा आला तो ग्रामपंचायत केंद्रस्थानी ठेवून. आपण दोन्ही राखलं: तहसीलदार कार्यक्रम अधिकारी, बीडीओ सहकार्यक्रम अधिकारी, वर कलेक्टर आणि जोडीला सीईओ. मजुराने नमुना ४ भरून काम मागितलं की पंधरा दिवसांत काम नाहीतर बेकारभत्ता, असा कायदा होता. मजुराला नमुना ४ ची पोच मिळाली की पुढचं कागदोपत्री नाइलाजाने हलायचं. म्हणून ती पोचच द्यायची टाळाटाळ व्हायची. जिथे एखादी संघटना मजुरांबरोबर पोच घ्यायला उभी राहिली, तिथे हजेरीपट निघाले.

टँकरचंही तसंच. गावाने मागणी करायची, बीडीओ आणि तहसीलदार यांनी मिळून पाण्याचा उद्भव पाहायचा, मंजुरी कधी कलेक्टर, कधी प्रांत, टंचाई फारच भडकली की तहसीलदाराकडे. दर माणशी दिवसाला वीस लिटर. त्या वीस लिटरांत जनावरं धरलेली नसतात. एप्रिलच्या उन्हात गोठ्यासमोर उभं राहून हे शेतकऱ्याला समजावून सांगण्याची वेळ ज्याच्यावर आली नाही, त्याने टंचाई आराखड्यावर बोलू नये असं मला वाटतं.

८. थेट सरपंच असेल तर उपसरपंचाशी आधी बोला.

२०१७ ला सरपंच थेट जनतेतून आला, २०२० ला पुन्हा सदस्यांतून, २०२२ ला परत जनतेतून. पद्धत तीनदा फिरली, पण थेट सरपंचाच्या गावात एक चित्र ठरलेलं: सरपंच एका पॅनेलचा, बहुमत आणि म्हणून उपसरपंचही दुसऱ्याचा, आणि मासिक सभेत प्रत्येक खर्चाला हरकत. अशा ठिकाणी कायदा सांगत बसण्यापेक्षा दोन्हीकडचा चहा पिणं जास्त उपयोगी पडतं.

९. आदर्श गाव योजनेत बसत नाही.

हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी काय केलं हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) त्याहून वेगळं. तिथे देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी सगळे निर्णय ग्रामसभेत एकमताने घ्यायचा शिरस्ता पाडला आणि २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून पुढे बांबू स्वतः विकला. दोन्हीकडे क्रम सारखा: आधी गावाने ठरवलं, मग योजना त्यात ओढून घेतल्या. आम्ही कार्यालयातून नेमकं उलटं करायचो. योजना आली की तिच्यात गाव बसवायचं आणि फोटो काढायचा. अभ्यास दौऱ्यांच्या बसचं भाडं वाचवून त्यात ग्रामसभेसाठी एक चांगला लाउडस्पीकर घेतला असता तर बरं झालं असतं.

१०. विचारणारा नसला की कार्यालय शांत होतं, चांगलं होतं असं नाही.

मार्च २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर आणि पंचायत समित्यांवर प्रशासक आले आणि पुढची तीन वर्षं तरी निवडणुका झाल्या नाहीत. नोकरीतल्या मित्रांना सुरुवातीला ते बरं वाटलं. सर्वसाधारण सभेतला आरडाओरडा नाही, सदस्यांचे फोन नाहीत. पण मला माहीत असलेले जिल्हा परिषद सदस्य, त्यांत डांबरट होते ते धरून, निदान आपल्या गटातल्या दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून टेबलावर हात आपटायचे. ते बंद झालं. शिवाय लोकनियुक्त मंडळ नाही म्हणून वित्त आयोगाचा त्यांच्या वाट्याचा पैसा अडकला तो वेगळाच. सदस्य त्रास देतात हे मान्य. त्यासाठीच ते निवडून द्यायचे असतात.

११. ग्रामसभेचा शेवटचा विषय वाचा.

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत कमी असेल ती संख्या. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. हे ज्यांना माहीत आहे ते पहिल्या सभेला लोक जमू नयेत याची काळजी घेतात. विषयपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते, ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’. तपासणीत मी दप्तर उघडलं की इतिवृत्ताच्या शेवटच्या पानापासून वाचायला घेई. जागा भाड्याने देण्याचे, ना हरकत दाखल्याचे, झाडं तोडण्याचे ठराव तिथेच सापडायचे, लोक उठून गेल्यावर लिहिलेले.

तुमच्या ग्रामपंचायतीचा वर्षाचा आराखडा आणि त्यावरचा खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कुणालाही, काही न भरता, पाहता येतो. पुढच्या ग्रामसभेआधी तो उघडा आणि त्याची प्रत काढून सोबत न्या. मागच्या सभेचं इतिवृत्त पूर्ण वाचायला लावा, आणि ऐनवेळचे विषय संपेपर्यंत जागचे उठू नका.